मोटारीची पोटफुगी

तेजश्रीच्या पोराचं जावळ मैलारच्या मल्लण्णाला काढलं, ते साल दोन हजार सात. त्या दिवशी कपाळभर भंडारा आणि हातात पुरणपोळीचा तुकडा अशा थाटात आजोबा मायाप्पानं भर पंगतीत जाहीर करून टाकलं, "यंदाच्या पंचमीला नागम्माक्का आपल्या कोहिनूर गावाला येणार म्हंजे येणार! कशी आणतो ते इचारू नका!"

कुणी विचारलंच नाही. नागम्माक्का येणं शक्य नाही, हे साऱ्या पंगतीला ठाऊक होतं. मायाप्पाची ही थोरली बहीण बिदरच्या पलीकडे जनवाड्याला दिलेली. गोठ्यात पाय घसरून तिच्या खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ती बाजेवर पडून असायची, फार तर काठीच्या आधारानं न्हाणीपर्यंत जायची. एकदा जीपमध्ये बसवून पाहिली, तर पहिल्या खड्ड्याला जी ओरडली ती दुसरा खड्डा येईपर्यंत थांबलीच नाही! आणि त्या रस्त्यावर दुसरा खड्डा यायला वेळ तो किती लागणार?

पण मायाप्पाला तिची फार आठवण यायची. लहानपणी दोघांनी मिळून मेंढरं वळली होती, एका घोंगड्यात पावसाळे काढले होते. आता घरात माणूसच उरलं नव्हतं. थोरला भीमाशंकर बायकापोरं घेऊन पुण्याला बांधकामावर गेलेला. मेंढरं मूठभर राहिलेली. तो आणि बायको रेणुकाबाई एकमेकांची तोंडं बघून बघून कंटाळलेली. पंचमीला दारच्या कडुलिंबाला झोका बांधायची रीत मायाप्पानं सोडली नव्हती. पण झोका घेणाऱ्या पोरी सगळ्या गावाबाहेर. तो आपला वाऱ्यानं हलायचा, आणि मायाप्पा ओट्यावर बसून त्याच्याकडे बघायचा.

तिकडे जनवाड्यालाही दर पंचमीला नागम्माक्का म्हायेर म्हायेर म्हणून डोळे गाळते, असं येणारे-जाणारे सांगायचे. ते ऐकून मायाप्पाच्या घशाखाली लाह्या उतरायच्या नाहीत.

तर ह्या वर्षी मायाप्पाला जोर आला तो जावयामुळे. तेजश्रीचा नवरा योगीराज हुमनाबादला लॉऱ्या दुरुस्त करायचा. त्यानं हैदराबादकडून एक जुनी बस आणली होती. शूटिंगवाल्यांची! नटनट्यांनी आत बसून तोंडं रंगवायची, दमलं की निजायचं, अशी सोय केलेली. आत गादीचा पलंग, चारी बाजूंनी बल्ब लावलेला आरसा, हात धुवायचं भांडं, आणि कोपऱ्यात कपाटाएवढा संडास. लग्नात नवऱ्या मिरवायला ती भाड्यानं द्यायची, असा योगीराजचा बेत होता.

"मामा, ही बस न्हाई," योगीराज छाती काढून म्हणाला. "ह्यो चालता बंगला हाय! आत्यांना हितं निजवायचं अन् तिकडं उतरवायचं. पोटातलं पाणी हाललं तर नाव बदला माझं!"

रेणुकाबाईनं संडासाचं दार उघडून बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "आगं बाई! घरात संडास अन् घराला चाकं! म्हंजे ह्यो गावभर हिंडतोय व्हय?"

पंचमीच्या आदल्या दिवशी तिघं गाडी घेऊन जनवाड्याला पोचली. नागम्माक्काचा मुलगा शिवराज दारात उभा होता. त्यानं गाडी बघितली, मामाला बघितलं, आणि जरा नाखुशीनंच म्हणाला, "न्या मामा. पर पंचमी झाली की दुसऱ्या दिवशी अव्वा हितं पायजे. तिला आमच्याबिगर करमत न्हाई."

"तिला न्हाई करमत, का तुला न्हाई करमत?" मायाप्पा हसला. बाजेसकट अक्काला उचललं, पलंगावर ठेवलं, आणि गाडी निघाली.

बिदर मागं पडलं न पडलं तोच कुठून तरी आवाज आला, "फस्स!"

"कोण शिंकलं गं रेणुका?" नागम्माक्कानं विचारलं.

"गाडी, अक्का."

"औषध द्या म्हणावं तिला."

थोड्या वेळानं पुन्हा "फस्स!" मग तर दर वळणाला.  मायाप्पा पुढं जाऊन योगीराजच्या मागं उभा राहिला. "जावई, ही सारखी कामून फसफसायलीय?"

"काई न्हाई, मामा. इंजनासंगं एक पंप फिरतोय, त्यो टाकीत हवा भरतोय. टाकी भरली की जादाची हवा सोडतोय, फस्स! ब्रेक हवेवर, दार बी हवेवर. हवा नसली तर चाकं सुटतच न्हाईत."

"ते खरं. पर सारखं सारखं?"

"कुठं तरी जराशी गळत आसंल. गळली की पंप परत भरणार, भरली की परत फस्स. फिकीर करू नका!"

मायाप्पानं फिकीर केली. सारा जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस! वरचेवर फसफसणारं जनावर म्हणजे पोट बिघडलेलं जनावर, एवढं त्याला कळत होतं. त्याला वाटलं, जावई शिकलेला आहे, लोखंडातलं त्याला कळतं, पण पोटातलं?

हुमनाबादला हमरस्त्यावर, धाब्यांच्या रांगेपुढं, योगीराजनं गाडी थांबवली. तो खाली उतरून आवाज शोधायला लागला, आणि नेमका तेव्हाच दाराच्या अंगात वारा शिरला. फाट! दार आपोआप उघडलं. धाड! मिटलं. फाट! उघडलं. आणि आत रेणुकाबाईनं पंख्याचं म्हणून भलतंच बटण दाबलेलं, त्यामुळे आरशाचे सगळे बल्ब लखलख पेटलेले!

"शूटिंग हाय रे शूटिंग!" एक लॉरीवाला ओरडला. "आत हिरोईन निजलीय!"

झालं! अख्खा हमरस्ता धावत आला. धाबेवाला तव्यावरची रोटी तशीच टाकून आला. दार उघडलं की सगळ्या माना आत, मिटलं की सगळ्या माना बाहेर; जणू भलंमोठं कासव श्वास घेतंय! एक दांडगा पोरगा खिडकीला लोंबकळून म्हणाला, "म्याडम, एकडाव हात दाखवा की!"

नागम्माक्का कोपरावर रेलून उठली. तोंडात तंबाखू, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. "काय रं मुडद्यांनो, कोण मेलंय का हितं? एवढी गर्दी कशाला?"

"हिरोईन कुठं हाय?"

"मीच की! बोल, काय पायजे?"

गर्दीतून एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा पुढं सरकला. त्यानं कपाळावर हात धरून नीट निरखलं आणि हताश होऊन लोकांकडे वळला. "घरी जावा रे. ही जनवाड्याची नागम्मा हाय. हिच्या दिराच्या लग्नात मी वाढपी होतो!"

गर्दी शिव्या घालत पांगली. धाबेवाल्याची रोटी करपली, तीही अक्काच्याच नावावर खपली म्हणायची. पण नागम्माक्काचा चेहरा असा काही उजळला होता, की मायाप्पाला वाटलं, हिला उगाच इतकी वर्षं आणली नाही.

योगीराजनं दाराच्या नळीला साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे आले तिथं ट्यूबची पट्टी आवळून बांधली. मग गाडीखाली वाकून टाकीच्या बुडाची एक कडी ओढली. सुस्स करून तेलकट पाणी आणि वारा बाहेर पडला.

"हे काय?" मायाप्पानं विचारलं.

"टाकीत पाणी साठतंय, मामा. कडी वढली की निघून जातंय. टाकी मोकळी होती."

मायाप्पानं ते नीट मनात ठेवलं.

दिवस मावळताना गाडी कोहिनूरला आली. लिंबाखाली, मेंढरांच्या वाड्याला लागून उभी केली. नागम्माक्का गाडीतच निजणार होती. असला पलंग सोडून ती बाजेवर कशाला येईल? योगीराज हातपाय धुवायला गेला आणि मायाप्पा एकटाच गाडीभोवती फिरला. आतून कुठून तरी टिकटिक, कुरकुर चाललेली. पत्र्याला हात लावला, तर ऊन लागला. बिचारी दिवसभर चालून आलेली, पोट फुगलेलं, आणि उद्या-परवा हिनंच अक्काला परत पोचवायचं!

आता पावसाळ्यात कोवळा ओला पाला खाऊन मेंढरू फुगतं, तेव्हा आमच्याकडं काय करतात? लिंबाची काडी त्याच्या तोंडात आडवी बांधतात. कडू काडी चघळत राहतं, जबडा मिटत नाही, वारा हळूहळू निघून जातो, आणि सकाळी मेंढरू चरायला तयार! मायाप्पानं हजार मेंढरं अशी उठवली होती. तो वाकला, लिंबाची एक काडी मोडली, कडी जराशी ओढली आणि फटीत काडी आडवी बसवून दिली. बारीक सुस्स सुरू झालं. पत्र्यावर थाप मारून म्हणाला, "मोकळी हो गं बाई. सकाळी हलकं वाटंल."

आणि समाधानानं जेवायला बसला.

पंचमी अशी झाली, की काय सांगावं! नागम्माक्काची बाज लिंबाखाली आणली. गावातल्या म्हाताऱ्या, ज्यांना कुणी बोलावत नव्हतं, त्याही गोळा झाल्या. मल्लव्वा आली, कमलबाई आली. वारुळाला लाह्या वाहून आल्यावर त्यांनी जी जुनी उणीदुणी काढली, ती सासवांच्या सासवांपर्यंत पोचली. नागम्माक्काला झोक्यावर बसवता येईना, म्हणून तिच्या हातात झोक्याची दोरी दिली आणि झोक्यावर रेणुकाबाई बसली. साठीची बाई, नऊवारी खोचून! "वढा अक्का, जोरानं वढा!" लिंबाची फांदी करकरली. मायाप्पा ओट्यावर बसून बघत होता, आणि डोळ्यात काही तरी गेलं म्हणून सारखा फडक्यानं डोळे पुसत होता.

दुसऱ्या दिवशी निघायचं ठरलं. योगीराजनं इंजन सुरू केलं. हवेचा काटा अर्ध्यावर चढला आणि तिथंच बसला, हट्टी पोरासारखा! इशाऱ्याची घंटी किंचाळत राहिली. चाकं सुटेनात.

"दाराची पट्टी सुटली आसंल," योगीराज म्हणाला. सुटली नव्हती. मग त्यानं साबणाचा फेस केला आणि नळीनळीला चोपडला. इंजनाच्या घरघरीत बारीक आवाज काही ऐकू येईना, म्हणून एकेका नळीला कान लावत सुटला. शेजारचे किशनराव, कापडाचे दुकानदार, दात कोरत उभे होते. म्हणाले, "जावईबापू, गाडीला आंघोळ घालायलाव का तिचे मुके घ्यायलाव?"

"टाकी बघितलाव का?" कुणी तरी विचारलं.

"टाकी नवी घातलीय मी! सोताच्या हातानं! टाकीकडं बघायचंच काम न्हाई!"

मग अर्ध्या गावानं गाडी ढकलली. गाडी तसूभर हलली नाही. किशनरावांचं धोतर मात्र मागच्या बंपरात अडकून टर्रकन फाटलं. ते टॉवेल गुंडाळून घरी गेले.

योगीराज घाम पुसत म्हणाला, "हवा भरती तेवढीच कुठून तरी जायलीय, मामा. गळती सापडल्याबिगर ही काई हालत न्हाई."

मायाप्पाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काडी! त्यानं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात गाडीच्या खिडकीतून रेणुकाबाई ओरडली, "अवो, अक्का इचारायल्यात, मंग आज जेवायला काय करायचं?"

अक्का आज जेवायला! म्हणजे अक्का आज इथं! मायाप्पाचं तोंड उघडलेलंच राहिलं. उघडलंच आहे म्हणून त्यानं जांभई दिली आणि म्हणाला, "वांगी कर."

तो दिवस गेला. दुसरा गेला. योगीराजनं दार सुटं केलं, पुन्हा जोडलं, पुन्हा सुटं केलं. जाहीर केलं, की पंपाजवळचा एक वॉल्व गेलाय, आणि तो आणायला हुमनाबादला गेला. त्याचं बसचं एक भाडं ह्या गडबडीत हुकलं, हे कळल्यावर मायाप्पाला जेवण जाईना. किशनरावांच्या मोबाइलवर शिवराजचा फोन यायचा, आणि किशनराव तो हात लांब करून मायाप्पाच्या कानाला लावायचे.

"मामा, अव्वाला आणायलाव का पळवून नेलाव?"

"गाडी बिघडलीय रे! मी काय करू?"

"मीच जीप घेऊन येतो!"

"नगं! जीपमधी वरडती ती!"

फोन ठेवला, की तो गाडीकडे जायचा, वाकायचा, काडीकडे बघायचा, आणि तसाच परत यायचा. आणखी एक दिवस, एवढंच त्याच्या मनात असायचं.

एका दुपारी रेणुकाबाई नदीला गेली होती. मायाप्पा गाडीत अक्काच्या पायाशी बसून तिच्या पोटऱ्या दाबत होता. डोळे मिटूनच नागम्माक्का म्हणाली, "मायाप्पा, खाली जा अन् ती काडी काढ."

"कसली काडी?"

"लिंबाची. टाकी माझ्या उशाखाली हाय. इंजन चालू हाय तवर सुस्स, सुस्स. फुगल्यालं मेंढरू वारा सोडतंय तसं. अन् तू दिसातून धा डाव तिथं वाकायलास. काडी बांधायला तुला शिकवली कुणी रं? मीच न्हवं?"

मायाप्पाचे हात थांबले. "गाडीच्या भल्यासाठीच घातली होती, अक्का. मल्लण्णाची आण."

"घातलीस भल्यासाठी. काढली कामून न्हाईस?"

 बाहेर रिकामा झोका हलत होता.

"मला माझ्या घरला जाऊ दे, लेकरा," नागम्माक्का म्हणाली.

"हे तुझं घर न्हाई?"

"हाय की. पर हितं मला झोप न्हाई लागत. रेणुका हातावर पाणी घालती, गोड गोड बोलती. पाहुणी केलाव तुमी मला! तिकडं सून मला बोलती, मी तिला बोलते, दीस कसा जातोय कळत न्हाई. सांजच्याला शिवराज येतोय अन् दारात चपला आपटतोय. त्यो आवाज आला की माझा डोळा लागतोय."

हे मायाप्पाच्या मनाला लागलं. "मंग दर पंचमीला म्हायेर म्हायेर म्हणून रडायचीस ते?"

"आरं येड्या, तिकडं बसून म्हायेरासाठी रडण्यात लई गोडी हाय! पाच बायका जवळ येत्यात, पाठीवरनं हात फिरवत्यात. हितं आल्यावर मी कशासाठी रडू? ते म्हायेर अव्वा-अप्पासंगं गेलं, मायाप्पा. राह्यलास तू. अन् तू तर वाकून वाकून काडीच बघायलास."

ती हसायला लागली, आणि हसता हसता खुब्यात कळ आली म्हणून ओरडली. मायाप्पाही हसला. मग खाली उतरला, वाकला, काडी ओढून काढली आणि वाड्यातल्या मेंढरापुढं टाकली. मेंढरानं तिचा वास घेतला आणि तोंड फिरवलं.

संध्याकाळी योगीराज नवा वॉल्व घेऊन आला. बसवला. इंजन सुरू केलं. काटा सरसर वर चढला, घंटी गप्प झाली, आणि गाडीनं एकच दणदणीत "फस्स!" सोडला. चाकं सुटली! योगीराज गाडीच्या पायरीवर उभा राहून गावाला म्हणाला, "बघा! म्हणलं न्हवतं, वॉल्वच हाय म्हणून? ह्याला डोकं लागतंय!"

गाव कौतुकानं बघत राहिलं. किशनरावांनी तर नवं धोतर सांभाळत त्याला हार घातला. गाडीतून नागम्माक्काचं खसखसून हसणं ऐकू आलं. मायाप्पा म्हणाला, "हुशार हाव, जावई." दुसरं काय म्हणणार? जावई तो!

सकाळी गाडी निघाली. रेणुकाबाई सोबतीला गेली. मायाप्पा गेला नाही. मेंढरांजवळ कुणी तरी पाहिजे, म्हणाला. वेशीपर्यंत तो गाडीमागं चालत गेला. खिडकीतून अक्काचा हात बाहेर आला होता, बांगड्या भरलेला. वळणावर हात दिसेनासा झाला. तरी तो बराच वेळ उभा राहिला. पार लांबून, ओढ्याच्या पलीकडून, एकदा फस्स ऐकू आलं. मग तेही नाही.

त्यानंतर त्यानं अक्काला पुन्हा बोलावणं धाडलं नाही. पंचमीच्या दिवशी जनवाड्याला फोन मात्र लावायचा. "रडलीस का, अक्का?" विचारायचा. "रडले की, पोटभर!" ती सांगायची, आणि दोघं हसायची.

दोन हजार नऊ साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तापाचं निमित्त होऊन मायाप्पा वारला. नागम्माक्का त्याच्यामागं जवळजवळ दोन वर्षं जगली आणि दोन हजार अकराच्या उन्हाळ्यात, जनवाड्याला, आपल्या घरी वारली.